घरात आहे त्यात किती दिवस?

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशभरात एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. अत्यावश्यक वस्तूंची दुकाने उघडी राहणार होती, पण ते नीट समजून घेण्याआधीच लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर आले. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानापुढची रांग पाहून आम्ही मागे फिरलो. घरी आल्यावर पहिला प्रश्न कानांवर पडला, "आहे त्यात किती दिवस निघतील?"

आई म्हणाली, "महिना सहज निघेल." मुलीच्या मते आठ दिवस. दोघींनीही डबे उघडून पाहिले नव्हते. प्रयोगशाळेत रोज वजने-मापे करणाऱ्या माणसांच्या घरात ही स्थिती! मग स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला आणि डबे एकेक करून मोजायला सुरुवात केली. त्या रात्रीचा तो हिशेब आणि त्यातून पुढे निघालेले काही प्रश्न येथे मांडत आहोत. इयत्ता आठवीपासून पुढच्या वर्गांत हा सगळा हिशेब मुलांकडून करून घेता येतो. त्याला लागते ती फक्त गुणाकार-भागाकाराची तयारी.

प्रथम गरज किती ते पाहू. आहाराची ऊर्जा उष्मांकांत मोजतात (आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते). भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुधारित कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक लागतात आणि तशाच स्त्रीला १६६०. तेरा वर्षांच्या मुलीला २४००, आठ वर्षांच्या मुलाला १७००. आईच्या वयाला सुमारे १५०० धरले. पाच जणांची बेरीज झाली ९३७०. तेरा वर्षांच्या मुलीची गरज घरातल्या कर्त्या पुरुषापेक्षा जास्त आहे, हे वाचून आमच्या मुलीने कोष्टक सर्वांना दोनदा दाखवले.

आता डब्यांकडे वळू. गहू आणि कणीक मिळून १२ किलो, तांदूळ ९, ज्वारीचे पीठ ३, पोहे आणि रवा २, अशी धान्ये एकूण २६ किलो. तूरडाळ, हरभराडाळ, मूग, मटकी, छोले आणि बेसन मिळून ७ किलो. तेल ४ किलो. साखर आणि गूळ ४ किलो. शेंगदाणे दीड किलो. कांदे-बटाटे, दूध आणि चार-दोन भाज्या होत्या, त्या हिशेबाबाहेर ठेवल्या.

हिशेबाला फार बारकावे लागत नाहीत. कोणत्याही धान्याच्या १०० ग्रॅममध्ये ३२० ते ३६० उष्मांक असतात, आपण ३४० धरू. डाळी-कडधान्यांत ३३०, शेंगदाण्यात ५५०, साखर-गुळात ३९०, आणि तेलात ९००. गहू, ज्वारी, तांदूळ यांच्या चवीत आणि किमतीत एवढा फरक, पण ऊर्जेच्या दृष्टीने ते जवळजवळ सारखेच आहेत. सगळ्यांत मुख्यतः पिष्ट (स्टार्च) आणि बारा टक्क्यांच्या आसपास पाणी.

गुणाकार केल्यावर धान्यांचे ८८,४०० उष्मांक आले, डाळींचे २३,१००, तेलाचे ३६,०००, साखर-गुळाचे १५,६०० आणि शेंगदाण्यांचे ८,२५०. एकूण १,७१,३५०. याला ९३७० ने भागले की १८ दिवस आणि थोडे वर. म्हणजे एकवीस दिवसांना तीन दिवस कमी. आईचा महिना आणि मुलीचे आठ दिवस, दोन्ही चुकले.

या आकड्यांत आम्हाला एक गोष्ट विशेष वाटली. तेलाचा डबा वजनाने साऱ्या साठ्याच्या दहाव्या भागाहूनही कमी होता, पण ऊर्जेचा पाचवा भाग त्यात होता. साठवणीचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे धान्याचे पोते येते, तेल येत नाही.

ऊर्जा झाली, पण प्रथिनांचे काय? पालकसभेत हा प्रश्न हमखास निघतो. २६ किलो धान्यांत सरासरी साडेनऊ टक्के धरली तर सुमारे २,५०० ग्रॅम प्रथिने, डाळींत बावीस टक्क्यांनी १,५४०, शेंगदाण्यात पाव भाग म्हणजे ३७५. एकूण ४,४०० च्या आसपास, अठरा दिवसांत वाटली तर दिवसाला सुमारे २४५ ग्रॅम. पाच जणांची गरज त्याच कोष्टकांनुसार २१२ ग्रॅम भरते. म्हणजे ऊर्जा संपेपर्यंत प्रथिने पुरत होती. त्यातही धान्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी, ती धान्यांत बऱ्यापैकी. वरण-भात, भाकरी-पिठले, इडली, खिचडी या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात.

या ठिकाणी डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. साठ-सत्तरच्या दशकांत भारतासारख्या देशांत 'प्रथिनांचा तुटवडा' आहे आणि तो खास प्रथिनयुक्त पदार्थ वाटून भरून काढायला हवा, असा मतप्रवाह जोरात होता. सुखात्म्यांनी आकडेवारीच्या आधारे मांडले की, बहुतेक ठिकाणी मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. ऊर्जा अपुरी असली की शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते, आणि मग प्रथिनांची उणीव दिसू लागते. आमच्या डब्यांच्या हिशेबात हे चटकन समजते : ज्या घरात भाकरी आणि वरण पोटभर आहे तिथे प्रथिनांची गरज बहुतांशी आपोआप भागते. (दोन वर्षांच्या आतले मूल आणि गरोदर स्त्री यांना हे विधान जसेच्या तसे लागू होत नाही.)

आता या हिशेबातली गळती पाहू.

पहिली गळती जीवनसत्त्व 'क' ची. कोरड्या धान्यात आणि डाळीत ते जवळजवळ नसतेच. याचे एक विदारक उदाहरण पहिल्या महायुद्धातले आहे आणि त्यात मराठी माणसांचा थेट संबंध आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्की सैन्याने ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला होता. अडकलेली तुकडी होती सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. आत आहे त्या शिध्यावर दिवस काढायचे होते. गोऱ्या शिपायांना मैद्याचा पाव आणि घोड्याचे मांस मिळे. हिंदी शिपायांना आटा मिळे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी घोड्याचे मांस बराच काळ नाकारले. गोऱ्यांना बेरीबेरी झाला, कारण मैद्यातून कोंडा आणि अंकुर निघून गेल्याने जीवनसत्त्व 'ब-१' उरत नाही. हिंदी शिपाई आट्यामुळे बेरीबेरीपासून बचावले, पण ताजे मांस नाही आणि भाजी नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला. एकाच तटबंदीत, एकाच वेढ्यात, दोन ताटे आणि दोन आजार! जीवनसत्त्वे शिकवताना याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही.

त्याच युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या संशोधिकांनी दाखवून दिले की, कोरड्या कडधान्यात नसलेला स्कर्व्हीरोधक घटक मोड आल्यावर त्यात तयार होतो. आपल्याकडे मटकीची उसळ कित्येक पिढ्या होत आली आहे, तिच्यात हा गुण आहे हे तेव्हा मोजून सिद्ध झाले. रुजताना बी स्वतःच्या साठ्यातल्या शर्करेपासून जीवनसत्त्व 'क' बनवते. शंभर ग्रॅम मोडांत ते साधारण १० ते १५ मिलिग्रॅम असते. रोजच्या शिफारशीपेक्षा हे पुष्कळ कमी आहे, पण स्कर्व्ही टाळायला दिवसाला दहा मिलिग्रॅमही पुरतात. शिजवताना यातले बरेचसे नष्ट होते, म्हणून मोड जेमतेम वाफवावेत. पूर्ण कच्चे खाणे मात्र टाळावे. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते.

दुसरी गळती अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाची. शिधा कमी आहे असे दिसले की घराघरांत एकच उपाय होतो, तो म्हणजे पाणी वाढवणे. वरण पातळ होते, भाताची पेज होते. मोठ्या माणसाचे त्यात एक वेळ निभते, कारण तो वाटीऐवजी दोन वाट्या पिऊ शकतो. पण दोन वर्षांच्या मुलाचे काय? त्याची दिवसाची गरज सुमारे १०१० उष्मांक. शंभर मिलिलिटर पातळ पेजेत दहा ग्रॅम तांदूळ असेल तर तीत ३५ उष्मांक झाले. म्हणजे मुलाला दिवसभरात जवळजवळ २.९ लिटर पेज प्यावी लागेल. त्याच्या पोटात एका वेळी मावते पाव लिटर किंवा थोडे अधिक. अकरा-बारा वेळा भरवणारे घर कुठे आहे? मूल पोट तुडुंब भरून झोपते आणि तरी उपाशी राहते. त्याचे पोट भरलेले दिसते म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग पेज घट्ट करावी, तर ती गिळता येत नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात वीस ग्रॅम पीठ शिजवले की त्याचा गोळा होतो. पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगून पाणी आत धरून ठेवतात, त्यामुळे असे होते. येथे सुटकेचे दोन मार्ग आहेत. एक तेलाचा. लहान चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तेल घातले की आकारमान फारसे न वाढता ४५ उष्मांक वाढतात. भरड दाण्याचे कूट हेही काम करते. दुसरा मार्ग रसायनशास्त्रातला आहे आणि वर्गात करून दाखवण्याजोगा आहे.

नाचणी रात्रभर, बारा तास भिजवा. फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणा. उन्हात कडकडीत वाळवून, फार तर हलके गरम करून दळा. (जास्त भाजू नका. तयार मिळणाऱ्या पिठाने प्रयोग फसू शकतो, कारण ते खरपूस भाजलेले असू शकते.) आता दोन पातेल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी आणि ४० ग्रॅम तांदळाचे पीठ घेऊन ढवळत शिजवा. दोन्हींत चमचा उभा राहील एवढा घट्ट लगदा होईल. पातेली उतरवून पाच-सात मिनिटे थांबा. तापमापक असल्यास ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ द्या. एका पातेल्यात चमचाभर मोडाच्या नाचणीचे पीठ टाका, दुसऱ्यात तेवढेच साध्या नाचणीचे. दोन्ही ढवळत राहा.

काही मिनिटांतच पहिल्या पातेल्यातला लगदा सैल होऊन ओतता येईल असा होतो. दुसरा तसाच राहतो. मोड येताना बी अमायलेज नावाचे विकर तयार करते. पिष्टाच्या लांब साखळ्या ते तोडते, आणि तुटक्या साखळ्यांना पाणी धरून ठेवता येत नाही. उष्मांक मात्र जागच्या जागी राहतात. शंभर मिलिलिटरला ३५ ऐवजी सुमारे ७० उष्मांकांची पेज आता मूल पिऊ शकते, आणि अकरा-बारा वेळांऐवजी सहा वेळांत काम होते. उकळत्या लगद्यात पीठ टाकून तिसरे पातेलेही करून पाहावे. तिथे विकर उष्णतेने नष्ट होते आणि काहीच घडत नाही. खऱ्या मुलाला द्यायची असेल तर पातळ झालेली पेज पुन्हा एकदा उकळून घ्यावी, म्हणजे पिठाबरोबर आलेले जंतू राहणार नाहीत. तान्ह्या बाळाला नाचणीचे सत्त्व देण्याची आपल्याकडची रीत या विकराशी कुठेतरी जोडलेली आहे, असे आम्हाला वाटते.

उरलेल्या अन्नाबद्दल थोडेसे. फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा, शिळ्या भाकरीवर ताक हे पदार्थ टंचाईत फार मोलाचे, पण भात आणि भाकरी यांना एकच नियम लावू नये. शिजलेल्या भातात दोन-तृतीयांश पाणी असते. तांदळाबरोबर आलेल्या बॅसिलस सेरिअस या जिवाणूची बीजे शिजवण्यातूनही वाचतात, आणि भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ती रुजून विष तयार करतात. उलटी घडवणारे हे विष पुन्हा तापवल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात पातेल्यात झाकून ठेवण्याऐवजी परातीत पसरावा, पृष्ठभाग वाढल्याने तो लवकर निवतो, आणि मग शीतकपाटात ठेवावा. शीतकपाट नसेल तर रात्री भात उरूच नये एवढाच शिजवावा. सोलापूरकडची कडक भाकरी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिच्यात पाणी नावापुरतेच उरते, त्यामुळे जिवाणूला आणि बुरशीला वाढायला जागाच नाही. पापड, कुरडया, सांडगे, आमसुले, सुके बोंबील, कोकणातली आगोटीची बेगमी आणि गोव्यातले पुरुमेंत, ही सारी पाण्याला घराबाहेर ठेवण्याची कला आहे.

धान्याच्या डब्यालाही तेच लागू. तेरा टक्क्यांच्या खाली ओलावा असेल तर बुरशी धरत नाही. तपासायची एक सोपी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि त्यात चमचाभर कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवा, मग क्षणभर थांबा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा सुमारे पंधरा टक्क्यांच्या वर आहे, धान्याला ऊन दाखवा. काचेला मीठ चिकटले नाही तर ठीक. पावसाळ्यात ही चाचणी मुले आनंदाने करतात.

बुरशीचा विषय आला म्हणून एक गंभीर गोष्ट. आहे त्यात भागवायचे म्हणजे घरात असेल ते सगळे खायचे असा अर्थ घेतला तर काय होते, ते १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत दिसले. कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला आणि मक्याची कणसे भिजली. घराघरांत साठवलेल्या मक्यावर बुरशी चढली. तिथल्या आदिवासी कुटुंबांकडे दुसरे धान्य नव्हते, त्यांनी तोच मका दळून खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साचले. सुमारे चारशे माणसे आजारी पडली आणि शंभराहून अधिक दगावली. त्याच घरांतली कुत्रीही त्याच आजाराने मेली, हे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी नोंदवले आहे, आणि कारण अन्नात आहे याचा तो एक महत्त्वाचा दुवा होता. अस्परजिलस फ्लेव्हस बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाकरी भाजल्याने किंवा मका शिजवल्याने नाहीसे होत नाही. वरची बुरशी झटकून, धुऊन घेतल्यानेही भागत नाही. शेंगदाण्याबाबत मात्र निवडण्याचा खरा उपयोग होतो, कारण विष बहुतेक वेळा थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते. सुरकुतलेले, काळपट, खवट किंवा कडू दाणे काढून टाकले की धोका पुष्कळ कमी होतो. सुपात दाणे निवडत बसलेल्या आजीला मुलांनी याचे कारण सांगावे, तिलाही बरे वाटेल.

किडीचे तसे नाही. तांदळातले टोके किंवा मुगातले भुंगेरे दिसले म्हणून धान्य टाकायची गरज नसते. चाळून, निवडून, ऊन देऊन ते वापरता येते. कडधान्याचा भुंगेरा अख्ख्या दाण्याच्या सालीवर अंडी घालतो, डाळ केल्यावर त्याचे फारसे जमत नाही. अख्ख्या कडधान्याला तेलाचा हात लावण्यामागचे कारणही अंडी गुदमरावीत हेच आहे. आमच्या आईचा नियम एवढाच होता की, जुना डबा संपल्याशिवाय नव्या डब्याला हात लावायचा नाही. मोठमोठ्या कोठारांत याहून वेगळे काही करत नाहीत.

इंधनाचे एक : कडधान्य आदल्या रात्री भिजवले की शिजायला लागणारा वेळ पुष्कळ घटतो. आमसूल किंवा चिंच डाळ शिजल्यानंतर घालावी. आम्लामुळे डाळीच्या पेशींना जोडणारे पेक्टिन लवकर सुटत नाही आणि गॅस जळत राहतो. सोडा घातल्यास डाळ लवकर शिजते, पण त्यातले ब-१ जीवनसत्त्व जाते. कुतच्या गोऱ्या शिपायांची गोष्ट सांगून झाली असेल तर मुलांना ते लगेच समजेल.

आता आमच्या चुकीबद्दल. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर, २०२२ मध्ये, एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी हा हिशेब नववीच्या वर्गात घ्यायला आम्हाला बोलावले. आम्ही उत्साहाने गृहपाठ दिला : घरातले डबे मोजून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना दिसले की, एका मुलाचे सगळे आकडे शेजारच्या मुलाच्या आकड्यांशी ग्रॅमपर्यंत जुळतात. आम्ही वर्गात त्याला तसे विचारले. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत बाईंनी सांगितले, "सर, त्याच्या घरी डबे नाहीत. संध्याकाळी मजुरी हातात पडली की त्या दिवसाचे सामान आणतात." आम्ही कितीतरी वर्षे प्रश्नपत्रिका काढत आलो, पण या प्रश्नातच घरात डबे आहेत हे गृहीत धरलेले होते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

तेव्हापासून आम्ही मुलांना स्वतःचे घर मोजायला सांगत नाही. फळ्यावर दोन काल्पनिक घरे मांडतो. एक वर सांगितले ते. दुसरे पाच जणांचे, अंगमेहनत करणारे, रास्त भावाच्या दुकानातून धान्य घेणारे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, म्हणजे या घराला २५ किलो. मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला २७१० आणि स्त्रीला २१३० उष्मांक लागतात. बाकीचे तिघे पहिल्या घरासारखेच धरले तर रोजची गरज १०,४४०. पंचवीस किलोचे ८५,००० उष्मांक. भागाकार मुलेच करतात : आठ दिवस. एप्रिल २०२० पासून २०२२ च्या अखेरपर्यंत माणशी आणखी ५ किलो धान्य मोफत देण्याची योजना होती. तिने आठाचे सोळा होतात. उरलेले दिवस आणि सगळे तेल, डाळ, मीठ-मिरची रोजच्या मजुरीतून यायचे. ती मजुरी टाळेबंदीत बंद होती.

या दुसऱ्या घराबाबत आणखी एक गोष्ट मुलांपुढे ठेवावी. आपला भागाकार असे मानतो की, प्रत्येकाला त्याच्या गरजेएवढेच मिळते. १९३७ च्या सुमारास कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख वॉलेस आयक्रॉइड यांनी कुटुंबाच्या गरजेसाठी गुणांक वापरले होते : पुरुष १, स्त्री ०.८, मुले वयाप्रमाणे त्याहून कमी. हिशेबाला ते फार सोयीचे आहेत. पण पातेल्यातला शेवटचा भात कोणाच्या ताटात पडतो हे गुणांक सांगत नाही. घरातली बाई सर्वांत शेवटी जेवत असेल तर साठा अठरा दिवस पुरला असे कागदावर दिसते, तेव्हा तिच्यापुरता तो कधीच संपलेला असतो. मुलांना वाढणी विचारावी : तुमच्या घरी शेवटी कोण जेवते? हात वर करायला सांगू नये, नुसते विचारावे.

शेवटचा भाग बाजारभावाचा. मुलांना आपापल्या भागातले भाव आणायला सांगावे आणि एका रुपयाला कशातून किती उष्मांक आणि किती प्रथिने मिळतात याचे कोष्टक करावे. त्या वर्गात आम्ही तेलाचा भाव एक लिटरच्या पिशवीवरून काढला होता. आदल्या दिवशी गप्प बसलेला तो मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, हा भाव लिटरचा आहे. दहा रुपयांचे तेल घेतले तर एवढे येत नाही." साखर पाव किलोने, डाळ छटाकाने, चहाची पुडी पाच रुपयांची, असे सगळे भाव त्याला तोंडपाठ होते. बाईंनी फळा पुसला. आम्ही दुसऱ्या घराचा हिशेब त्याने सांगितलेल्या भावांनी पुन्हा केला. तेवढ्याच पैशांत येणारे सामान एका दिवसाहून अधिक कमी पुरत होते.